काटेवाल्यांचं खरं वजन

आमच्या समोरच्या दारातून रोज सकाळी एक लाडिक आवाज यायचा, "छान, बाबा! आज सगळं ठीक आहे."

पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा चहा कपातच राहिला. समोरच्या ताईला मी वर्षानुवर्षं ओळखतो. बापावर जीव टाकेल, पण लाडात बोलायची नाही. तिचं बोलणं म्हणजे "बाबा, पंखा बंद करा," "बाबा, चष्मा परत फ्रिजवर ठेवलात," आणि "बाबा, निघाले." शिवाय ती तर मघाशीच माझ्या डोळ्यांदेखत जिना उतरून कामावर गेली होती. मग आत बोलतंय कोण?

असा प्रश्न पडल्यावर घरात बसून राहणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मला भेटावं. मी विम्याचं काम घरून करतो, म्हणजे बहुतेक वेळा करत नाही. जिन्यात मला पाहिलं की लोकांना अचानक महत्त्वाचे फोन येतात. समोरचे काका तेवढे थांबून बोलायचे. तेव्हा मी सरळ त्यांची बेल दाबली.

"काका, ताई घरी आहे का?"

"नाही. तिचं मशीन आहे. ये, बघ."

बैठकीच्या खोलीत खिडकीशी ते उभं होतं. खाली काळी प्लेट, दोन्ही बाजूंना जमिनीवर उभे केलेले धरायचे कठडे, आणि समोर छातीच्या उंचीवर पुस्तकाएवढा पडदा. पडद्यावर हिरवा दिवा.

"जन्मभर मी दुसऱ्यांना काट्यावर चढवलं," काका म्हणाले, "आता पोरीनं मला चढवलंय."

हे त्यांचं बोलणं शब्दशः खरं होतं. काका म्हणजे काटेवाले. सगळी इमारत त्यांना ह्याच नावानं ओळखते. गावाबाहेर दगडाच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता, त्याच्या खोलीत त्यांची सारी नोकरी सरली. भरलेली गाडी प्लेटवर यायची, काका खिडकीतून वजन सांगायचे, आणि तेवढ्या मालाचे पैसे गाडीवाल्यानं भरायचे. त्यामुळे गाडी हलकी दाखवायला ड्रायव्हर काय काय करायचे, ह्याच्या गोष्टी त्यांच्याकडे पोत्यानं होत्या. कोणी एक चाक हळूच प्लेटच्या काठाबाहेर ठेवायचा. कोणी गाडीला खालून टेकू द्यायचा आणि वर तोंड करून शीळ घालत बसायचा. एकदा खाणमालकाचा मेहुणाच आला, मागचं चाक बाहेर. काका खिडकीतून म्हणाले, "पाहुणे, अख्खे या. अर्धे येऊ नका." मेहुणा रागानं लाल झाला, पण चाक आत घ्यावंच लागलं.

ही गोष्ट सांगून झाली की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "काटा खोटं बोलत नाही रे. माणूस त्याच्यावर नीट उभा राहत नाही, एवढंच."

हे वाक्य त्यांच्या लेकीनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिच्या हाडीमासी मुरलं होतं. आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

ताई एका कंपनीत म्हाताऱ्या आजारी माणसांसाठी घरात ठेवायची यंत्रं बनवते. बनवते म्हणजे ती कशी दिसावीत, बटण कुठे असावं, थरथरत्या हाताला ते सापडावं कसं, हे ठरवते. मी तिला संशोधक म्हणतो. ती मला तोंडावर दादा म्हणते, आणि मागे काय म्हणते ते आमच्या हिच्याकडून कळतं. तिनं लग्न का केलं नाही हे मला अजून शोधून काढता आलेलं नाही. म्हणजे बाई किती पक्की आहे बघा. आई गेल्यापासून घरात ती आणि काका, दोघंच.

काकांचं हृदय दमलेलं. डॉक्टरांनी समजावलं होतं तसं, पंप ढिला पडला की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं आणि श्वास कोंडतो. त्याची पहिली वर्दी वजन देतं. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं तर ते जेवणाचं नव्हे, पाण्याचं. तेव्हाच गोळ्या बदलल्या तर माणूस घरी राहतो. उशीर झाला तर हॉस्पिटल.

मागच्या वेळी उशीर झाला होता. अतिदक्षता विभागात काका गोंधळले, नळ्या उपटायला लागले, म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाला बांधले. ताई बाहेर बाकावर. तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं. घरी आल्यावर काकांनी मनगटं पुढे करून एवढंच म्हटलं, "पुन्हा तिथे नाही न्यायचं." ती म्हणाली, "नाही नेणार. वेळ येण्याआधीच मला कळेल असं काहीतरी करते."

ते काहीतरी म्हणजे हे मशीन. कंपनीसाठी होतं, पण मापं सगळी बापाची. त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. त्यावर तारा, मातीचे मुठींचे नमुने, कापलेले पुठ्ठे. बापलेक मांडीवर ताट घेऊन जेवायचे. पहिलं मशीन नुसतं किंचाळायचं. काकांनी त्याचं नाव सासूबाई ठेवलं आणि वर टॉवेल टाकला. दुसऱ्यात कुठल्यातरी भाड्याच्या बाईचा आवाज होता, "कृपया प्लेटवर उभे राहा." काका म्हणाले, "मी काय फलाटावरची गाडी आहे?" आणि उभेच राहिले नाहीत. तेव्हा ताईनं स्वतःचा आवाज भरला. वजन ठीक असेल तर हिरवा दिवा आणि "छान, बाबा!" वाढलं असेल तर लाल दिवा, तिच्या फोनवर निरोप, आणि दुसरं एक वाक्य.

कठड्यावरून मात्र तिची तिच्या साहेबांशी जुंपली होती. हे तिनंच आमच्या हिला सांगितलं, आणि हिला सांगितलं म्हणजे मला सांगितलंच. काकांना उभं राहिलं की झोक जायचा, म्हणून कठडा हवाच, असं ताईचं म्हणणं. साहेब म्हणाले, माणसं त्यावर भार टाकतील, वजन कमी दिसेल. ताई म्हणाली, मशीन आधी सांगेल, 'आता हात सोडा,' मग मोजेल. साहेब म्हणाले, नाही सोडले तर? ताई हसली. "माझे वडील जन्मभर काट्यावर होते. त्यांना हात सोडायला शिकवायला नको."

साहेबांनी मान डोलावली. अशा बापाचे आकडे मिळाल्यावर कोण शंका घेणार? सगळ्या चाचणीचा भरवसा काकांच्या वजनावर उभा राहिला. दुसऱ्या काही म्हाताऱ्यांच्या घरीही मशीनं बसवली, पण तिथला आकडा इकडेतिकडे झाला की ताई म्हणायची, "बाबांचा बघा. सरळ रेघ."

रेघ सरळच होती. वाकडं होत होतं ते दुसरंच काहीतरी.

आधी मला दिसल्या चपला. काकांच्या चपलांचे पट्टे सुरीनं चिरलेले. मी म्हटलं, "काका, नवी फॅशन काय?"

"उकाड्यानं पाय फुगतात रे."

उकाडा नव्हता. मी स्वेटर घालून उभा होतो. मग ते जिन्याच्या मधल्या वळणावर बसायला लागले. "दमलात?" विचारलं तर म्हणाले, "छे, तुझी वाट बघत होतो." माझी वाट! उभ्या इमारतीत आजवर कोणी बघितली नव्हती. मग आमच्या हिनं सांगितलं की काका हल्ली पलंगावर नाही, खुर्चीत बसून झोपतात.

मी ताईला जिन्यातच गाठलं. "ताई, काकांचं लक्षण काही ठीक नाही."

"दादा, गेल्या महिन्यात तुम्ही वरच्या मजल्यावर भूत असल्याचं सांगितलं होतंत."

"ती मस्करी होती."

"आणि त्याआधी वाण्याची बायको पळून गेल्याचं. ती माहेरी गेली होती."

"पळतच गेली होती. ते जाऊ दे. पट्टे चिरलेत त्यांनी चपलांचे."

तिनं फोन काढून माझ्यापुढे धरला. हिरवी रेघ. "हे बघा. रोजचं वजन. मी विचारते तेव्हा बाबा बरं आहे म्हणतात, मशीनही तेच म्हणतं. तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की ह्यावर?" मग जरा मऊ होत म्हणाली, "परवा कंपनीत ह्याचंच सादरीकरण आहे, दादा. ते झालं की शंभर घरांत जाईल. मला आत्ता घाबरवू नका."

ती थकली होती. डोळ्यांखाली काळं. गोष्टीतला 'लांडगा आला' ओरडणारा पोरगा मीच, त्यामुळे जास्त बोलायला मला तोंड नव्हतं. पण मला रात्रभर ते चिरलेले पट्टे दिसत राहिले.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी ताई लवकर गेली. मी वर्तमानपत्र परत करायच्या निमित्तानं समोर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं आणि आवाज न करता थांबलो, जे मला सहसा जमत नाही.

काका प्लेटवर उभे होते. दोन्ही हात कठड्यांवर, कोपरं ताठ, खांदे कानांपर्यंत चढलेले. चेहरा जांभळा. मशीन ताईच्या आवाजात म्हणत होतं, "आता हात सोडा, बाबा." काकांनी बोटं उचलली, पण तळवे तसेच रुतवलेले. डोळे पडद्यावरच्या आकड्यावर. थोडं कमी दाबलं, आकडा वर गेला. थोडं जास्त, खाली आला. इतक्या बारकाईनं, की ड्रायव्हरांनी पाया पडावं. कालच्या आकड्याशी जुळला तसे ते स्तब्ध झाले.

"छान, बाबा! आज सगळं ठीक आहे."

"हो गं पोरी," काका धापा टाकत मशीनला म्हणाले. "तूही जेवून घे वेळेवर."

मी खूप विनोद केले आहेत आयुष्यात. तेव्हा एक तोंडात आला, तो कसाबसा बाहेर पडला. "काका, मागचं चाक बाहेर आहे."

ते दचकले. मग उतरले, खुर्चीपर्यंत गेले, आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले.

"का हो काका? तुम्ही?"

"लाल झालं... तर ती येईल."

"येऊ दे की."

"येईल आणि... उचलून नेईल." त्यांनी मनगटं चोळली. "आणि दुसरं म्हणजे... तू ऐकलंयस का ते, लाल झाल्यावरचं?"

"नाही."

"एकदाच वाजलं. सुरुवातीला. तिनं ते भरलं तेव्हा हॉस्पिटलातलं सगळं तिच्या मनात ताजंच होतं. वाक्य साधं आहे, पण आवाज..." त्यांनी मशीनकडे बघितलं. "तिची आई गेली त्या दिवशी तिचा असा आवाज होता. तो रोज सकाळी मला नाही रे ऐकवत. त्यापेक्षा हे बरं. छान म्हणते. बाकी दिवसभर कोण म्हणतंय?"

मी फोन काढला.

"कोणाला लावतोस?"

"तुमच्या लेकीला."

"तुझ्या पोटात काही राहत नाही ठाऊक आहे मला, पण एवढं एक ठेव."

"ह्या पोटात नाही राहणार, काका. हे फार मोठं आहे."

ताईचा फोन बंद. सादरीकरण. कंपनीचा नंबर आमच्या हिनं कुठूनसा शोधून दिला. तिथल्या बाईला मी सांगितलं की घरी आग लागली आहे. भूत म्हणण्यापेक्षा बरं. थोड्या वेळानं ताईचा आवाज आला, दबलेला.

"दादा, आज मस्करी केलीत तर मी खरंच बोलणार नाही तुमच्याशी."

"ताई, काका कठड्यावर भार देऊन वजन कमी दाखवतात. मी आत्ता पाहिलं."

"बाबा? काट्यावर? काहीतरीच काय!" तिला खरंच हसू आलं. "माझ्यामागे पडद्यावर त्यांचीच रेघ आहे आत्ता. पंधरा लोक बघतायत."

मी फोन काकांच्या कानाला लावला.

"मी... बरा आहे... गं," काका म्हणाले. "हा... उगाच..."

पलीकडचं हसू थांबलं.

"बाबा, मला एक वाक्य सलग म्हणून दाखवा."

"कसलं... वाक्य..."

"कुठलंही. पाहुणे, अख्खे या, अर्धे येऊ नका. हे म्हणा. एका श्वासात."

"पाहुणे..." काका म्हणाले. मग श्वास घेतला. "अख्खे..." मग पुन्हा श्वास. पुढे नाही गेले. त्यांनी फोन मला परत दिला आणि डोळे मिटले. फोनमध्ये खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

ती आली तेव्हा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. आल्या आल्या जमिनीवर बसली, बापाचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तिथेच. भिजवलेल्या कणकेत राहतो तसा. ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"उभे राहा, बाबा. हात छातीवर घ्या. दादा, तुम्ही बाजूला थांबा, हात लावायचा नाही. पडायला लागले तरच."

काका उभे राहिले. डोलत होते, पण हात छातीवर. आकडा चढला, चढतच राहिला, आणि पडदा लाल झाला. मग ते वाक्य वाजलं.

"बाबा, घाबरू नका. मी येते आहे. घाबरू नका हं."

मीही पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्याला घाबरू नका म्हणणारं माणूस स्वतः किती घाबरलं आहे, हे त्यात लपत नव्हतं. शेवटच्या 'हं'ला तर आवाज फाटलाच होता. ताई स्वतःचा तो आवाज ऐकत उभी राहिली. खिशातल्या तिच्या फोनवरही निरोप आल्याचं टुण् झालं.

"हा आवाज मी भरला?" तिनं विचारलं.

"तूच की," काका म्हणाले.

तिनं हात लांबवून मशीन बंद केलं. मग बापाला खुर्चीत बसवलं, त्यांच्यासमोर पुन्हा जमिनीवर बसली. "न्यावं लागेल," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता, माहीत आहे. पण न्यावं लागेल."

काकांनी दोन्ही हात पुढे केले, उठवायला. ती मात्र त्यांच्या मनगटांकडे बघून रडायला लागली.

ह्या खेपेला ती बाकावर बसली नाही. तिनं पलंगाशी खुर्ची मागून घेतली, डॉक्टरांशी भांडली, नर्सबाईंना सासूबाई म्हणाली, आणि काका गोंधळले की त्यांचे हात आपल्या हातांत धरून बसली. बांधले नाहीत. पाणी उतरलं, पण पंप आणखी ढिला झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. पुढचा उपाय त्यांच्याकडे फारसा नव्हता, हे त्यांनी न बोलता सांगितलं.

शंभर घरांत जायचं थांबलं. कंपनीत काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिनं आमच्या हिलाही सांगितलं नाही, म्हणजे बरंच असणार. चाचणीच्या बाकी घरी ती स्वतः गेली. एका घरी कळलं की तिथल्या आजीबाई रोज सडपातळ सुनेला मशीनवर उभं करत होत्या आणि छान म्हणवून घेत होत्या. मला सांगताना ताई हसली, आणि हसता हसता थांबली. "दादा, मी सगळ्यांना शाळेत घातलं हो. पास-नापास. मग ते कॉपी करणारच."

तिनं कठडे जमिनीवरून काढले आणि प्लेटवरच बसवले. आता कितीही दाबा, भार पुन्हा प्लेटवरच येतो. अख्खी गाडी काट्यावर. लाल-हिरवा दिवा काढला. आवाज पुसला, दोन्ही. नुसता आकडा दिसतो. काकांशी तिनं नवा करार केला, तोही माझ्यासमोर: आकडा खरा सांगायचा, स्वतःच्या तोंडानं, आणि मग कुठे राहायचं, हॉस्पिटलात की घरी, ते काकांनी ठरवायचं. तिनं नाही.

"आणि मी घरीच राहीन म्हटलं तर?" काकांनी विचारलं होतं.

"तर मी भांडेन. पण तुमचंच ऐकेन."

कालचीच गोष्ट. मी सकाळी वर्तमानपत्र घेऊन गेलो. ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, काका प्लेटवर चढले होते. सवयीनं त्यांनी कठडे दाबले, कोपरं ताठ केली. आकडा जागचा हलला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा ओशाळून, आणि मला वाटतं, जरा अभिमानानंही.

"पक्का केलाय रे काटा."

मी आकडा पाहिला. आदल्या दिवशीचा मला पाठ होता. हा त्याहून बराच वर होता.

"बाबा, किती?" आतून ताईनं विचारलं.

काकांनी आकडा सांगितला. खरा.

आत नळ बंद झाला. भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"डॉक्टरांना फोन लावू?"

"लाव. पण जायचं की नाही..."

"तुमचं तुम्ही ठरवायचं. माहीत आहे." ती ओले हात पुसत दारात आली. "मी आज कामावर जात नाही."

"जा गं. मी काय..."

"नाही जात म्हटलं ना? उतरा आधी खाली. आणि पंखा बंद करा तो, थंडी वाजतेय."

पंखा बंदच होता. काकांनी तरी उतरून भिंतीशी जाऊन बटण दाबलं, चालू केलं आणि पुन्हा बंद केलं.